गोळी पेंडीची परीक्षा

जळकोटच्या सिद्रामप्पांच्या घरात मांजर पाळायची पद्धत नव्हती. मांजरं होती, पण ती आपापली होती. त्यामुळे मल्लिनाथचं लग्न होऊन सोलापूरची शिवरंजनी घरात आली आणि तिच्यामागून टोपलीत बसून लवंगी नावाची मांजर आली, तेव्हा नव्या सुनेला काय बोलायचं म्हणून अप्पांनी मुलालाच बाजूला घेतलं आणि सांगितलं, "घरात घाण दिसली, त्या दिवशी हिला शेतात सोडायची."

शेतात तीन कुत्री होती. शिवरंजनीनं हे ऐकलं. लवंगीची दुधाची वाटी तिनं आपल्या माहेरच्या बॅगेत नेऊन ठेवली. मल्लिनाथला (नववीनंतर त्यानं शाळा सोडली की शाळेनं त्याला, यावर घरात दोन मतं होती) एवढं मात्र कळलं की त्या बॅगेतून नुसती वाटी सोलापूरला जाणार नाही.

लवंगी तशी वळणाची. सोलापुरात ती प्लास्टिकच्या ट्रेमधल्या खास रेतीवर जायची. ती रेती संपली. जळकोटात मिळेना, तुळजापुरात दुकानदार हसला, आणि मोबाइलवर जी पिशवी दिसली तिच्या किमतीत म्हैस महिनाभर जेवली असती. मल्लिनाथनं ट्रेत रानातली काळी माती भरली. काळी माती ओली झाली की काय होतं हे त्याला जन्मापासून माहीत होतं, तरी भरली. लवंगी त्या पायांनी अप्पांच्या धुऊन वाळत टाकलेल्या धोतरावरून चालत गेली. ते धोतर अप्पा उठायच्या आत मल्लिनाथनं दुसऱ्यांदा धुतलं. मग चुलीतली राख भरून पाहिली. लवंगी शिंकली आणि घरभर राख झाली.

असा तो गोठ्यात पोत्यावर बसून विचार करत होता, तेव्हा हातातला चहा म्हशीच्या गोळी पेंडीवर सांडला. पेंडीनं चहा पिऊन टाकला. सांडला तेवढ्याच जागी एक गोळा झाला, बाजूची पेंड कोरडी. मल्लिनाथ बराच वेळ त्या गोळ्याकडं बघत राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला काहीतरी सुचत होतं.

ट्रेत त्यानं चार ओंजळी पेंड टाकली. लवंगीनं वास घेतला, उकरलं, बसली, आणि वर मधोमध नीट टेकडी करून निघून गेली. सकाळी गोळा उचलून उकिरड्यावर टाकला की काम झालं. वासाचं म्हणाल, तर त्या घराला आधीपासूनच पेंडीचा वास होता. "तुम्ही दिसता त्यापेक्षा हुशार आहात," असं शिवरंजनी म्हणाली. ते कौतुकच आहे असं मल्लिनाथनं ठरवलं.

पंधरा दिवस सुखात गेले. मग म्हशीनं खाणं सोडलं.

मल्लिनाथची आई नागूबाई रोज संध्याकाळी घमेल्यात पेंड काढून ठेवायची, हातपाय धुऊन बादली घेऊन यायची आणि घमेलं म्हशीपुढं सरकवायची. म्हैस नुसता वास घेई, फुर्र करी आणि मान फिरवी. दूध निम्म्यावर आलं. नागूबाईनं मीठमिरच्यांनी तिची दृष्ट काढली. अप्पांचं मत मात्र वेगळं होतं. पेंडच खराब आहे, आणि ते दुकानदार बिरदेवला समोर बसवून सिद्ध करू, असं त्यांनी जाहीर केलं.

अप्पांची जीभ जळकोटात प्रसिद्ध होती. पेंडीची गोळी दातांनी फोडून जिभेवर ठेवायची आणि सरकी किती, मीठ किती, माल कधीचा ते सांगायचं. अप्पा थुंकले, तर ते पोतं गावात खपत नसे.

सकाळी बिरदेव गोठ्यात आला. अप्पांनी आदल्या संध्याकाळचं घमेलं मागवलं, म्हशीनं तोंड न लावलेलं. मल्लिनाथ ते उचलायला वाकला आणि तसाच राहिला. पेंडीच्या मधोमध टेकडी होती. तशी टेकडी तो रोज सकाळी ट्रेमध्ये बघत होता.

"आण की इकडं," अप्पा म्हणाले आणि त्यांनी घमेल्यात हात घातला.

खरं सांगावं, तर लवंगी शेतात आणि बायको सोलापूरला. न सांगावं, तर बाप. मल्लिनाथच्या तोंडून शब्द निघाला तो असा:

"अप्पा, आज मी बघू का? शिकावं म्हणतो."

अप्पांचा हात थांबला. चोवीस वर्षांत पोरानं काही शिकतो म्हटलेलं त्यांना आठवत नव्हतं. त्यांचे डोळे जरा ओलावले. "व्हय बाबा, बघ की," असं म्हणून त्यांनी घमेलं त्याच्यापुढं सरकवलं.

मल्लिनाथनं टेकडीपासून लांबची, अगदी कडेची गोळी उचलली आणि डोळे मिटून जिभेवर ठेवली.

"कशी लागती?"

"खारट."

"बघ बिरदेवा, मीठ लई टाकलंय."

"अप्पा, गावात दुसऱ्या कुणाची म्हैस तक्रार करत न्हाय," बिरदेव म्हणाला. वाद वाढणार, एवढ्यात लवंगी आली. तिची वेळ झाली होती. कुणाकडंही न बघता ती घमेल्यात चढली, उकरलं, बसली, टेकडी केली आणि निघून गेली.

अप्पांनी घमेल्याकडं पाहिलं, मग मुलाच्या तोंडाकडं.

"हिला हे शिकवलं कुणी?"

मल्लिनाथनं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. तोंड उघडायची त्याची इच्छा नव्हती.

दारातून शिवरंजनी हळूच म्हणाली, "मामा, तुम्ही घरात घाण नको म्हणाला होता. हा गोठा आहे."

अप्पा शब्दाला पक्के. ते बिरदेवला म्हणाले, "तुझा माल चांगलाय. पेंडीला झाकणाचं पिंप तेवढं दे पाठवून." जाता जाता मुलाच्या पाठीवर थाप मारायला त्यांनी हात उचलला, आणि विचार करून परत खाली घेतला. "चव मातर बरोबर ओळखलीस," ते म्हणाले.

दुपारी शिवरंजनीनं बॅगेतून लवंगीची वाटी काढली आणि स्वयंपाकघरात दाराशेजारी ठेवली. मल्लिनाथ खूश होऊन चहाला आत गेला, तेव्हा वाटीच्या शेजारी, बाकी भांड्यांपासून लांब, त्याचा कपही ठेवलेला होता.