शेंदूर पिवळा नसतो

सरळ सांगतो. नानांनी मला फसवलं. तीन वसंत फसवलं, दर रविवारी फसवलं, माझ्याच जीपमध्ये बसून आणि माझ्याच घरचा चहा पिऊन फसवलं.

मला फसवणं सोपं नाही, हे सावद्यात कोणालाही विचारा. केळीचे ट्रक भरण्यापासून मी सुरुवात केली. आज केळी पिकवायचं माझं स्वतःचं केंद्र आहे. घडाला हात न लावता, बांधावरून मी त्याचं वजन सांगतो. माल दाखवताना शेतकरी घाईघाईने बोलायला लागला की डाग कोणत्या ओळीत आहे ते मला कळतं. अशा माणसाला एका रिटायर म्हाताऱ्याने गुंडाळलं. आणि कशावर, तर फुलांवर!

नाना आमचे शेजारी. त्यांची उभी हयात भुसावळला रेल्वेत गेली. कोणती गाडी किती उशिरा आली आणि का आली, हे रजिस्टरात लिहायचं त्यांचं काम. काकू आधीच गेलेल्या, मुलगी नाशिकला. नाना रिटायर झाले आणि एक कॅमेरा गळ्यात अडकवून गावातल्या घरी राहायला आले. गाड्या सुटल्या, पण सवय सुटली नाही. गाड्यांच्या जागी त्यांनी सातपुड्यातली रानफुलं धरली.

माघ लागला की सकाळी ओट्यावर उभं राहून, नाक दोन बोटांत धरून ते स्टेशनच्या आवाजात सांगायचे, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. पालच्या जंगलातून येणारा पळस आपल्या निर्धारित वेळेपेक्षा सहा दिवस उशिराने धावत आहे. आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत." शाळेत निघालेली पोरं थांबून टाळ्या वाजवायची. मजा अशी, की घोषणेत 'पळस' असं शुद्ध म्हणणारा हा माणूस नाक सोडलं की लगेच आमच्या गावचा व्हायचा. "भाऊ, यंदा पयस लेट हाये बरं!"

फुलांचंही त्यांनी रजिस्टर केलं होतं. फूल, ठिकाण, यायची वेळ, आलेली वेळ आणि शेवटी विलंबाचं कारण. 'धायटी: राइट टाइम.' 'गणेर: नऊ दिवस लेट. कारण, थंडी हटली नाही.' 'मोह: वेळेवर, पण शेळ्या आधी पोहोचल्या.' एखादं झुडूप कोणी तोडून नेलं असलं तर 'रद्द', आणि पुढे लाल शाईने कारण. कारणाचा रकाना ते कधी कोरा ठेवायचे नाहीत. म्हणायचे, "भाऊ, लेट होणं हा गुन्हा नाही. कारण न देणं हा गुन्हा."

त्यांची लूना बंद पडली आणि ते माझ्याकडे आले. दर रविवारी पहाटे जीप पाहिजे, माघापासून वैशाखापर्यंत. मी म्हटलं, "नाना, आमच्या धंद्यात फूल म्हणजे अडगळ. घडाला फण्या पडल्या की केळफूल मोडून फेकायचं, तेव्हा घड भरतो. फुलं बघायला डिझेल कोण जाळतो?"

"जलमभर तू फुलं मोडली," नाना म्हणाले. "आता रविवारी दोन बघून घे. पाप फिटेल."

तरी मी बोलणी केली. माझ्या नावाचं कॅलेंडर निघतं. सावद्यातल्या सगळ्या व्यापाऱ्यांची निघतात आणि सगळ्यांवर एक तर देव असतो नाही तर घड. मला वेगळं काही पाहिजे होतं. जीप माझी, फोटो तुमचे, आणि कोणता छापायचा ते मी ठरवणार. नाना ताबडतोब "बरं" म्हणाले. तिथेच मला कळायला हवं होतं. घासाघीस न करणारा माणूस एक तर भोळा असतो, नाही तर लबाड.

पहिल्या रविवारी मी कंटाळून गेलो. नाना एका धायटीच्या झुडपासमोर पाऊण तास बसले. फोटो काढेनात.

"काय झालं?"

"सिग्नल पडू दे."

सिग्नल म्हणजे मधमाशी. ती फुलावर येऊन बसल्याशिवाय ते बटण दाबायचे नाहीत. मी म्हटलं, "नाना, एवढ्या वेळात मी चार ट्रक भरले असते."

"ट्रकात भरायचं असतं तर तुलेच सांगितलं असतं ना!"

परत येताना मी सांगून टाकलं, की पाहिली फुलं, लाल होती, छान होती, पुढच्या रविवारी मी येणार नाही. तीन दिवसांनी नाना मोबाइल घेऊन घरी आले आणि एक फोटो दाखवला. उघडं बोडकं झाड आणि फांद्या भरून फुलं. पळसच. पण पिवळा! हळदीसारखा पिवळा!

पिवळा पळस म्हणजे काय चीज आहे ते खानदेशातल्या माणसाला सांगायला नको. हजार झाडांत एखादं. माझे डोळे चमकले. कॅलेंडरवर हा आला तर बाकीचे व्यापारी जळून राख होतील.

"कुठे आहे हा?"

नानांनी चष्मा पुसला. खूप वेळ पुसला. "तेच तर आठवून नाही राह्यलं, भाऊ. जुना फोटो आहे. पालच्या आसपासच कुठी तरी. शोधावा लागेल."

"आहे तोच फोटो द्या. छापतो."

"बारीक आहे. मोठा केला की फाटतो. झाड सापडलं की नवा काढू."

आणि मी, घडाचं वजन बांधावरून सांगणारा मी, शोधायला निघालो. एक नाही, तीन वसंत.

पहाटे साडेपाचला नाना ओट्यावर तयार असायचे. मला पाच मिनिटं उशीर झाला की नाक धरून माझीच घोषणा करायचे. रानात शिरलो की मी पळस बघायचो आणि नाना बाकी सगळं. भुईचाफा कधी पाहिलाय? पान नाही, देठ नाही, कोरड्या जमिनीतून थेट फूल. त्याचा फोटो काढायला ते एकदा मोहाच्या झाडाखाली पालथे पडले आणि हलेनात. मोह वेचायला आलेली एक पावरा आदिवासी बाई ते बघून माझ्यावर ओरडली, "म्हाताऱ्याला सकाळी सकाळी पाजली कशाला?" मोहाखाली आडवा पडलेला माणूस, तिने दुसरं काय समजावं? नाना तसेच पडल्या पडल्या म्हणाले, "बाई, हळू बोल. गाडी प्लॅटफॉर्मवर येऊ राह्यली." ती बाई हसून हसून टोपलीवर बसली. मीही हसलो. खोटं कशाला बोलू, त्या तीन वर्षांत मी जेवढा हसलो तेवढा आयुष्यात हसलो नव्हतो.

चहा आम्ही नेहमी वाघदेवापाशी घ्यायचो. रस्त्याला लागून एक शेंदूर फासलेला दगड, वर एक वाकडा पळस. साधा, केशरी. मी त्याच्याकडे कधी मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. थर्मास उघडायचो आणि म्हणायचो, "नाना, आजही नाही सापडला." नाना म्हणायचे, "लेट आहे, भाऊ. रद्द नाही."

चौथ्या वर्षी, होळीच्या आधल्या आठवड्यात, माझी सून केंद्रातल्या केळीचे फोटो गिऱ्हाइकांना पाठवत होती. मी पाहिलं तर माल अर्धा हिरवा आणि मोबाइलमध्ये पूर्ण पिवळा.

"हे काय गं?"

"आबा, ही रेघ सरकवली की केळी पिकतात," ती म्हणाली. "औषध नको, चेंबर नको."

मी खूश झालो. पण व्यापाऱ्याची नजर. म्हटलं, "आपले क्रेट लाल आहेत. इथे जांभळे कसे दिसतात?"

"एकाचा रंग सरकवला की सगळ्यांचा सरकतो, आबा. नानांनाही मी हेच सांगितलं होतं."

"नानांना?"

"त्यांनी विचारलं होतं ना मागे, केशरीचं पिवळं होईल का म्हणून."

मी उठलो. त्या पळसाचा फोटो माझ्याही मोबाइलमध्ये होता. तीन वर्षांत शंभर वेळा पाहिला असेल, पण प्रत्येक वेळी नजर फुलांवर. आता बुंध्याकडे पाहिलं. खाली एक दगड होता. त्याच्यावर शेंदूर होता. तो शेंदूर पिवळा होता.

नानांच्या ओट्यावर जाऊन मी मोबाइल त्यांच्या नाकासमोर धरला. "नाना, वाघदेवाचा शेंदूर पिवळा कधीपासून झाला?"

नानांनी चष्मा वर केला, फोटो जवळ घेतला. "हात् तिच्या," म्हणाले, "शेंदराचं ध्यानातच नाही आलं."

एवढंच. माफी नाही, लाज नाही. मग मी गल्ली डोक्यावर घेतली. तीन वर्षं मला रानोमाळ फिरवलं! ज्या झाडाखाली चहा पाजला तेच झाड मला शोधायला लावलं! अख्ख्या बाजारात मला कोणी बनवलं नाही आणि तुम्ही... लोक दारात आले. नाना ऐकत राहिले. माझा दम सरल्यावर हळूच म्हणाले, "बहावा बाकी आहे यंदाचा. रविवारी येतोस?"

"नाही!" मी ओरडलो. "तुमच्या भाषेत सांगतो. गाडी रद्द!"

मी हिरव्या केळीचा माल पिवळा करून विकणाऱ्या घरातून थेट उठून गेलो होतो, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. ते खूप नंतर आलं.

त्यानंतरच्या रविवारी जीप काढून मी केळीच्या बागेत जायचो. नाना साडेपाचला ओट्यावर असायचे, कॅमेरा गळ्यात. मी काच वर करायचो. बहावा फुलला आणि गेला. वैशाख संपला, फुलांचा हंगाम उरकला, पाऊस लागला; तरी रविवारी ते ओट्यावर. मनात म्हणायचो, बसू दे. त्यांनी आधी चूक कबूल करावी, मग बघू. बाजारात मी कधी आधी बोललो नाही. जो आधी बोलतो तो पडतो.

श्रावणात नाना झोपेतच गेले.

मुलगी घर आवरायला आली तेव्हा ते रजिस्टर मला देऊन गेली. "काका, यात तुमचंच नाव जास्त आहे."

मी उघडलं. धायटी, गणेर, भुईचाफा यांच्या खाली, त्याच रकान्यात, त्याच अक्षरात, अगदी पहिल्या रविवारपासून: 'भाऊ: पाच मिनिटं लेट. कारण, जीपला सेल्फ लागेना.' 'भाऊ: राइट टाइम.' 'भाऊ: दहा मिनिटं लेट. कारण, सुनेशी भांडण.' मलाही त्यांनी फुलांत धरलं होतं. मग ती होळी. त्या पानावर मी 'रद्द' शोधला. सापडला नाही. 'भाऊ: लेट.' पुढच्या रविवारी, 'भाऊ: लेट.' वैशाखानंतर तर फुलंच नाहीत, पानावर फक्त तारीख आणि तेवढी एकच ओळ. मी मोजले, एकवीस रविवार. आणि एकवीसही ठिकाणी कारणाचा रकाना कोरा.

यंदाच्या कॅलेंडरवर मी तोच फोटो छापला. फाटला तर फाटला. परवा एक व्यापारी केंद्रात येऊन म्हणाला, "भाऊ, शेंदूर पिवळा कसा हो?" मी त्याच्यावर असा खेकसलो की तो चहा अर्धा टाकून गेला. दुसऱ्याने विचारलं, झाड कुठे आहे. मी म्हटलं, "आठवत नाही. शोधावं लागेल. रविवारी मोकळे आहात का?" तो नाही म्हणाला.

पळस यंदा राइट टाइम आला. पहाटे साडेपाचला जीप काढून मी एकटाच वाघदेवापाशी गेलो. शेंदूर केशरी, पळस केशरी. थर्मास आणि रजिस्टर बॉनेटवर ठेवलं. चहा दोन पेल्यांत ओतला गेला, सवयीने.

नाना, कारण न देणं हा गुन्हा, हे तुम्हीच म्हणायचात. मी स्पष्ट 'रद्द' म्हणालो होतो, अख्ख्या गल्लीने ऐकलं. तुम्ही बहिरे नव्हता. मग मला न विचारता 'लेट' का लिहिलं? आणि लिहिलंत तर हे एकवीस रकाने कोणासाठी कोरे सोडले? पेन माझ्या हातात आहे आणि मला काही सुचत नाही. याचा जाब मला पाहिजे.