नापासांसाठी खोली

"किती विषय राहिलेत?" नव्वदच्या दशकात बारामतीत खोली भाड्याने देताना तात्या एवढेच विचारत. एकही नाही म्हणणाऱ्याला ते दारातूनच परत पाठवत. "पास झालेल्याला कुठंबी खोली मिळती. तू जा." माझे दोन राहिले होते. मला लगेच किल्ली मिळाली.

खोलीत आधीपासून सिद्धार्थ होता. डाळजच्या बौद्ध वस्तीतला, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला फिजिक्समध्ये दोनदा अडकलेला. घरून निरोप होता, या खेपेला सुटला नाहीस तर हायवेवरच्या धाब्यावर कामाला लाग.

तात्या चौथी शिकलेले. काटेवाडीला ऊस, घरात एकटे. रोज संध्याकाळी शेंगा फोडत समोर बसत आणि आम्हाला धडा समजावून सांगायला लावत. "मला कळंना म्हंजी तुलाबी कळलं न्हाय," हा त्यांचा निकाल. त्यावर अपील नव्हते.

एकदा सिद्धार्थ म्हणाला, "चुंबक जवळ आणलं की तारेत करंट येतो, आन् तो त्या बदलालाच विरोध करतो."

"का?"

"नियम हाय, तात्या."

"नियम आमच्या भावकीचाबी हाय. का, ते सांग."

सिद्धार्थने पुस्तक चाळले, त्यात 'का' सापडले नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेजात सरांना गाठून आला. "विरोध केला न्हाय तर फुकट वीज तयार हुईल, तात्या. चुंबक ढकलणाऱ्याला जोर लावावाच लागतो."

"हां! फुकट काय न्हाय. आता कळलं."

सिद्धार्थ पास झाला. तात्यांनी काटेवाडीहून ट्रॅक्टर आणला, ट्रॉलीत हलगीवाले. गुलालात न्हालेला सिद्धार्थ पाहून चौकात कुणीतरी विचारले, "कोण निवडून आलं?"

"फिजिक्स!" तात्या ओरडले.

त्याला पुण्यात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला. एसटी स्टँडवर सोडायला आम्ही दोघे गेलो.

"तितं घरमालक आडनाव इचारत्यात," तात्या म्हणाले. "मग खोली शिल्लक नसती. तू माझं आडनाव सांग. पोरगा हाय म्हण माझा."

"आडनाव माझंच सांगीन, तात्या," सिद्धार्थ म्हणाला. "घरचा पत्ता इचारला, तर तुमचा देतो."

तात्यांनी त्याची पिशवी खिडकीतून आत दिली आणि गाडी हलेपर्यंत कंडक्टरशी विनाकारण भांडत राहिले.