मयताहून थेट मुलाखतीला

"काकाच्या मयताहून सरळ दवाखान्यात? पेशंटांना काय मरण वाटत फिरणारेस का रे?" फेलिसाताई चपला फटफटवत मीनोच्या मागं गल्लीभर ओरडत आली. "आधी मध्ये कुठंतरी थांब! मागं लागलेली काकाची सावली तिथं झटक, मग कुठं उलथायचं तिथं उलथ!"

"ताई, दहाला मुलाखत आहे. थांबलो की गेलो!"

"मग जा असाच, अडाण्या!"

मीनो रागारागानं जीपनीत, त्या खच्चून भरलेल्या प्रवासी गाडीत, चढला. आजारी माणसापाशी बसून त्याला धीर कसा द्यायचा, ते फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरातल्या त्या दवाखान्यात शिकवायचे. त्याची ही तिसरी आणि शेवटची खेप. दोनदा हाकलला होता, कारण एकच: समोरचा बोलायला लागला की हा मध्येच उपदेश झोडायचा. आता नापास झाला तर जन्मभर कारखान्यात बर्फाच्या लाद्या उचलायच्या.

गेटवर वॉचमननं त्याच्या शर्टावरची सुतकाची काळी पिन बघितली.

"कोण गेलं?"

"काका. तिकडूनच आलो."

"मध्ये थांबला होतात ना?"

थाप मारावी, तर आत मुलाखत घेणार नन; तिच्या दारात खोटं कसं बोलायचं? "नाही."

वॉचमन दोन पावलं मागं सरला. "मग आत नाही. माझी सासू आहे तिसऱ्या मजल्यावर. तिला काही झालं तर बायको मला जिता ठेवेल? समोर बेकरी आहे, तिथं झटकून या."

बेकरीत चारिंगमावशी कणीक तिंबत होती. "काय देऊ?"

"काही नको. नुसतं उभं राहायचंय."

मावशीनं पिन बघितली. "वा रे वा! अख्खा दवाखाना सावल्या माझ्या दारात झटकतो, पाव कुणी घेत नाही. बस! खाल्ल्याशिवाय जायचं नाही."

मीनोनं घाईघाईत अख्खा पाव तोंडात कोंबला.

"माझा नवरा समोरच आहे, दुसऱ्या मजल्यावर," मावशी एकदम म्हणाली. "सोळा दिवस झाले. मी एकदाही वर गेले नाही."

मीनोकडं तीन उपदेश तयार होते. पण तोंडात पाव. "उं?"

"भांडण झालेलं. जा, मर, म्हणाले मी. संध्याकाळी आडवाच झाला की रे!"

"उं..."

मीनोनं गिळला की मावशी दुसरा पाव हातात द्यायची आणि पुढचं सांगायची. हसली, रडली, नवऱ्याला शिव्या घातल्या, पुन्हा रडली. सव्वादहा वाजून गेले. मीनोनं दोनदा दाराकडं बघितलं, पण उठवेना.

कोपऱ्यातल्या टेबलाशी मघापासून बसलेल्या कुणीतरी कॉफीचा कप खाली ठेवला. "मीनो पालोमार ना?"

सिस्टर प्रुदेन्सिया! मुलाखत घेणारी!

"सिस्टर, मी येतच होतो, मुलाखत..."

"झाली. पास."

"अहो, पण मी एक अक्षर बोललो नाही!"

"मागं दोनदा बोललास की."

"पण तुम्ही इथं कशा?"

सिस्टरनं इकडंतिकडं बघितलं. "सकाळी एका पेशंटाला पुरून आले. तशीच वर कशी जाणार?" मग आवाज खाली आणून, "कॉन्व्हेंटात बोलू नकोस हां. बरं, सोमवारी ये. पहिला नियम असा की..."

चारिंगमावशीनं ॲप्रन सोडून खुंटीला टांगला. "मी वर जाते. एकटीचे पाय उचलायचे नाहीत. येतोस, पोरा?"

"नियम तरी ऐकून जा!" सिस्टर म्हणाली.

"नंतर सांगा, सिस्टर. आत्ता मला निघायला हवं."