मयुरीचा डावा पाय आणि माझा घोटा

यंदा मुलींची खो-खोची टीम वर्ध्याहून जिल्ह्याची ट्रॉफी उचलून आणणार, असं मी आमच्या वडनेरच्या शाळेत हेडमास्तर महादेवरावांना छातीवर हात ठेवून सांगितलं. साल १९९८. मी नुकताच खेळशिक्षकांच्या शिबिरातून परतलो होतो आणि तिथला उपाय सोबत आणला होता. सरावात काय जमलं, काय चुकलं, ते खेळाडूनं रोज स्वतःच वहीत लिहायचं.

पहिल्या आठवड्यात बाराही वह्यांत एकच वाक्य. 'आज खूप मेहनत केली.' मी मुलींना बसवून समजावलं, की असं मोघम चालणार नाही. किती राऊंड मारले, कुठं अडलं, नेमकं आणि खरं लिहायचं. कोणाला घाबरायचं नाही.

एवढं शेवटचं मी बोलायला नको होतं.

सोमवारी वह्या माझ्याआधी महादेवरावांनी उघडल्या. कॅप्टन पौर्णिमानं लिहिलं होतं, 'सहा राऊंड ठरले, चारच मारले. सर वीस मिनिटं उशिरा आले. मग गेटावर गप्पा मारत होते.' मयुरीनं लिहिलं होतं, की खांबाशी वळताना तिचा डावा पाय घसरतो. सरांना तीनदा सांगितलं, सर म्हणतात जोर लाव.

महादेवरावांनी चष्म्यावरून पाहिलं. "पोरी खोटं लिवून राह्यल्या काय, चंद्रभान?"

हो म्हटलं असतं, तर वह्याही बंद झाल्या असत्या आणि पौर्णिमाचं कॅप्टनपदही गेलं असतं.

"नाई सर. खरं हाये."

त्या संध्याकाळी मी दहा मिनिटं आधीच मैदानावर हजर. मयुरीनं पाय कुठं घसरतो ते दाखवलं. बघ, असं वळायचं, म्हणत मी धावलो, खांब धरला आणि कापसाच्या गठाणीसारखा आडवा झालो. घोट्याची पपई झाली. डॉक्टरांनी दीड महिन्याचं प्लास्टर घातलं.

मग खुर्चीवर बसल्या बसल्या मी मुलींकडे पहिल्यांदाच धड पाहिलं. मयुरी खांबाशी एक पाऊल जास्त टाकत होती. ते कमी केलं, घसरणं थांबलं.

वर्ध्याला आम्ही फायनल एका गुणानं हरलो. पण याआधी आमची शाळा पहिल्या फेरीपुढे गेलीच नव्हती. परतताना एसटीत महादेवरावांनी पौर्णिमाला विचारलं, की यंदा असं काय बदललं? मी नम्र चेहरा करून खिडकीबाहेर पाहू लागलो.

"सर बसून राह्यले ना," ती म्हणाली.

पुढं माझं प्लास्टर निघालं. मैदानावरची खुर्ची मात्र महादेवरावांनी रिटायर होईपर्यंत हलवू दिली नाही.