जाकीरभाईंचं पपईचं पान

नंदुरबारच्या मिरचीबाजारात जाकीरभाई पत्रेवाल्यांचा एकच हेका, आपल्या दुकानातून वाकडा माल बाहेर जात नाही! कोठी घ्या, नरसाळं घ्या, पेटी घ्या, पाणी भरून बघा. थेंब गळला तर दुकान बंद करीन, असं ते गिऱ्हाइकाने न विचारताही सांगत.

अशा माणसाची लेक सदफ पॉलिटेक्निकला गेली आणि शेवटच्या वर्षी तिने अँटेना करायला घेतला. तोही पपईच्या पानाचा! शहाद्याकडे पपईला काय तोटा? तिने एक पान आणलं, संगणकावर त्याची आकृती काढली, कडेने बारीक बारीक चिरा आखल्या आणि तांब्याच्या पत्र्यातून कापायला अब्बांना दिली. जाकीरभाईंनी नाक मुरडलं, पण लेकीसाठी कापलं. कॉलेजात चाचणी एकदम फर्स्ट क्लास झाली. आता राहिली परीक्षा. बाहेरून परीक्षक येणार, त्यांच्यापुढे पान चाललं तर सदफ पास, नाही तर वर्ष पाण्यात.

परीक्षेच्या आदल्या दिवशी पान दुकानात ठेवून, हे न्यायला एक डबा करून द्या, एवढं सांगून ती अभ्यासाला बसली.

आणि नेमके तेव्हाच हेमराजशेठ मिरचीवाले कडमडले. माप दुरुस्तीला आणलं होतं, ते ठेवायचं आणि निघायचं की नाही? पण नाही. पान उचललं, उजेडात धरलं आणि विचारलं, "जाकीरभाई, हाई पान अळीनी खादं का तुमनी नजर गई?"

झालं! तीस वर्षांची अब्रू एका वाक्यात चव्हाट्यावर. शेठची पाठ वळताच जाकीरभाईंनी भट्टी पेटवली. एकेका चिरेत वितळलेल्या कथिलाचा डाग भरला, कानस मारली, वरून कल्हई केली. चीर कुठे होती ते त्यांनाही सापडेना. पान असं लखलखलं की त्यात बघून भांग पाडावा! मग ते मऊ फडक्यात गुंडाळलं, डब्यात घातलं आणि झाकण घट्ट लावलं.

सकाळी वाहवा ऐकायला स्वतःही कॉलेजात गेले. डबा उघडला आणि सदफचा चेहरा उतरला. परीक्षक नवनीत सर म्हणाले, इतकं सफाईदार काम घरचं नसतं, हे विकत आणलेलं दिसतंय. जाकीरभाई खूश! एवढी तारीफ सख्ख्या मेहुण्यानेही कधी केली नव्हती.

सरांनी वायर जोडली. पडद्यावर रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेली. जाकीरभाईंना राहवलं नाही. "देखा साहेब, कोठे खड्डा नही!"

"अब्बा," सदफ रडवेल्या आवाजात म्हणाली, "खड्डाच पडायला हवा होता. खड्डा पडला तरच पानाने लहर पकडली म्हणायची."

मग तिने समजावलं. धडगावचा घाट कसा, डोंगर तेवढाच पण वळणांमुळे रस्ता लांब. तशी विजेला चिरांच्या कडेने वळसे घेत लांब वाट मिळते, म्हणून लहानसं पान मोठ्या अँटेनाचं काम करतं. अब्बांनी घाटच बुजवला होता. सरांनी घड्याळ पाहिलं आणि पंधरा मिनिटं दिली.

जाकीरभाईंच्या पिशवीत कात्री असतेच. सदफने पानावर आकृतीचा कागद धरला आणि ते कापू लागले. स्वतःचं इतकं सुरेख काम स्वतःच्या हाताने फाडायचं म्हणजे काय हो! घाईत कडा वर आल्या, कल्हई खरवडली. निदान कानस तरी मारू दे, असं ते काकुळतीने म्हणाले, तर लेकीने मनगटच धरलं. पान आता अळीने काय, शेळीने खाल्ल्यासारखं दिसत होतं.

वायर लागली. रेघेला चांगला खोल खड्डा पडला. सदफने अब्बांना मिठी मारली, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. निम्मं लेकीसाठी, निम्मं पानासाठी.

हे कापलं कोणी, ते सरांनी समोरच पाहिलं होतं. डोकं मुलीचं, हात बापाचा, उत्तम, असं म्हणून त्यांनी पास केलं. वर म्हणाले, हे पान कॉलेजच्या काचेच्या कपाटात सगळ्यांना दिसेल असं ठेवायला सांगतो आणि खाली मोठी पाटी लावायला, कारागीर जाकीर पत्रेवाले, नंदुरबार.

जाकीरभाईंनी दोन्ही हात जोडले.

"साहेब, पोरनंच नाव टाका. ती नोकरीले पुन्याले निंघी जाई. मले आठे नंदुरबारमाच दुकान चालाडनं शे!"