समोरच्या घराचा विमा

महिन्यातून एक दिवस हिराजीकाका स्वतःचं धडधाकट घर सोडून समोरच्या बंद घरात राहायला जातात. काखेत चटई, हातात डबा, खिशात पेन. आत गेले की खिडक्या उघडतात, पंखा लावतात, चहा टाकतात, विजेच्या मीटरवरचा आकडा वहीत उतरवतात आणि खाली लिहितात, ‘घरात इसम एक. हजर.’

नोकरीसाठी मी रोह्याच्या कुंडलिकेकाठच्या या आळीत राहायला आले आणि पहिल्याच आठवड्यात हे पाहिलं. मी रसायनशास्त्राची पदवीधर. विनाकारण केलेली कृती मला अस्वस्थ करते. काकींना विचारलं.

“दुसरा संसार मांडलाय त्यांनी,” तांदूळ निवडता निवडता काकी म्हणाल्या. “तिथं भांडायला कोन नाय ना गो, म्हनून बरं वाटतं.”

खरं कारण काकांनी सांगितलं. समोरचं घर रघुनाथरावांचं, त्यांच्या कारखान्यातल्या मित्राचं. ते दोन वर्षांपूर्वी मुलाकडे नाशिकला गेले. घराचा पुराचा विमा आहे. पण त्याच्या कागदात बारीक अक्षरांत एक अट आहे: घर सलग महिनाभर रिकामं राहिलं, तर भरपाई मिळणार नाही.

“कोनी इचारलं तर वही दाखवायची,” काका म्हणाले. “पुरावा हाय आपल्याकडं.”

विम्याच्या अटी वाचणारा माणूस मी प्रथमच पाहत होते. त्या पाळण्यासाठी चटई घेऊन जाणारा तर विज्ञानालाही अज्ञात असावा!

काकांनी धाटावच्या रासायनिक कारखान्यात तीस वर्षं ऑपरेटर म्हणून काढली. निवृत्त झाले, पण कारखाना काही त्यांच्यातून निवृत्त झाला नाही. आमटी खारट झाली की ‘बॅच बिघडली’. दुपारची झोप म्हणजे ‘शटडाऊन’. पावसाळ्यात नदी चढू लागली की दर तासाला घाटाच्या पायऱ्या मोजून नोंद.

यंदा विम्याच्या नूतनीकरणाची पत्रं आली आणि वही अपुरी पडली. काकांच्या आणि समोरच्या, दोन्ही घरांचा हप्ता गेल्या वर्षीच्या तिप्पट! मी आकडा तीनदा वाचला. दशांशचिन्ह सरकलं असावं, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. सरकलं नव्हतं. रघुनाथरावांच्या मुलाने फोनवर स्पष्ट सांगितलं, “काका, गेल्या वर्षीएवढेच पैसे पाठवीन. तेवढ्यात विमा होत नसेल, तर पावसाआधी घर विकून टाकू.”

मी कामाला लागले. गवंड्याकडून पाण्याची नळी आणून पातळी मोजली. काकांच्या घराचं जोतं समोरच्यापेक्षा हातभर उंच निघालं. तिथे पाणी कधीच शिरलेलं नाही. तरीही दोन्ही घरांना दर एकच, कारण पिनकोड एकच. जोखीम घराची आणि दर टपालखात्याच्या आकड्यावरून, ही पद्धत पाहून मी सुन्न झाले. विम्यावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाला नकाशा आणि आलेखांसह चार पानी पत्र पाठवलं.

उत्तर आलं, हाच पहिला धक्का. दुसरा धक्का उत्तरात होता: दर ठरवण्यास विमा कंपनी मुक्त आहे, दराचं सूत्र आमच्याकडे दाखल आहे, आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे.

“म्हंजे साहेब गेजकडं बघतो, पन व्हॉल्वला हात लावत नाय?” काकांनी विचारलं.

“जवळजवळ तसंच.”

“आमच्याकडं असा साहेब असता, तर आमी धाटावात कामाला गेलेलो स्फोटात उडून अलिबागला सापडलो असतो!”

मुदतीच्या शेवटच्या दिवशी मी त्यांच्यासोबत पेणला, रामवाडीतल्या विमा एजंटाकडे गेले. काका आत गेले, मी दाराशी थांबले. बाहेर येताच त्यांनी जपून ठेवायला पावती माझ्याकडे दिली. एकच पावती होती. रघुनाथरावांच्या घराची.

“आणि तुमच्या घराची?”

“यंदा नाय.”

मुलाने पाठवलेल्या पैशांत स्वतःच्या वाढीव हप्त्यासाठी जमवलेले पैसे घालून ही एक पावती झाली होती. मी भर रस्त्यात उभी राहिले.

“काका, हे कुठल्याच तर्कात बसत नाही.”

“बसतं गो. माझ्या घरात पानी शिरलं, तर उपसायला मी हाय. त्याच्या घरात कोन हाय?” ते चालत राहिले. “तीस वर्सं तो माझा रिलिव्हर. पुढच्या शिफ्टचा मानूस आल्याबिगर प्लांट सोडता येत नाय. एका पुरात बस बंद, माझी पोर तापानं फणफणलेली. हा छातीभर पान्यातनं चालत आला आनि म्हनाला, हिराजी, तू घरी जा.” मग घाईने, “काकीला बोलू नको हां.”

परतीच्या गाडीत, कासू स्टेशन मागे पडल्यावर, त्यांनी नाशिकला फोन लावला.

“रघ्या, काम झालं! सरकारनं दर उतरवला. व्हय रे, गेल्या सालाएवढाच! शेजारच्या पोरीनं पत्र लिवलं, साहेब लोक घाबरलेच. पोराला सांग, आता घर विकायची गोस्ट नाय.”

सरकारी उत्तर माझ्या पिशवीत होतं. मी पिशवीची चेन लावली.

“मग येतो कंदी?” काकांनी विचारलं. पलीकडचा आवाज बराच वेळ चालू होता. काका खिडकीकडे तोंड वळवून ऐकत राहिले.

“बरं, बरं. दिवाळीला नाय तर नाय. पायाला जप. घाई कसली? घर हाय.”