टेप घेऊन आलेला माणूस

हातात मोजमापाची टेप घेतलेला माणूस दारात दिसला की काय करायचं, हे कारंज्याच्या नानाजींच्या घरात घर बांधलं तेव्हापासून ठरलेलं होतं. फ्रीजवर गोधडी टाकायची, वरच्या खोलीला कुलूप लावायचं आणि रडक्या आवाजात बोलायचं. या शिस्तीमुळे घरपट्टी जागची हलली नव्हती, आणि त्याचा नानाजींना भारी अभिमान.

चूक झाली ती एवढीच, की नानाजींनी घराचं कर्ज दुसऱ्या बँकेत न्यायचं ठरवलं आणि ते बायकोला, कस्तुराबाईंना, सांगितलं नाही. नव्या बँकेत व्याज सव्वा टक्क्यानं कमी होतं. महिन्याला दीड हजार वाचणार होते. अमरावतीला शिकणाऱ्या राखीच्या, म्हणजे लेकीच्या, मेसचा बराचसा खर्च त्यातून सुटत होता. जुन्या बँकेत जाऊन त्यांनी चारचौघांत "माह्ये कागद काढून ठेवा!" असा आवाजही चढवला होता. आता बँकेच्या गोष्टी घरात कायले सांगायच्या, असं त्यांचं मत.

मंगळवारी नानाजी मानोऱ्याच्या शाळेतली कारकुनी आटोपून घरी आले, तर कस्तुराबाई विजयी मुद्रेनं चहा घेऊन उभ्या.

"आज एक जन टेप घेऊन आलता. असा वापस धाडला का बस!"

नानाजींच्या हातातली पिशवी खाली आली. "काय सांगतलं त्याले?"

"काळ्या मातीत घर खचून राह्यलं म्हनलं. छत गळते म्हनून तीन बकेटा मांडल्या."

"भर उन्हाळ्यात?"

"त्यानं कुठं इचारलं! बकेटाईचे फोटो काढले. लय हळहळला बिचारा."

आठवड्यानं त्या माणसाचा, म्हणजे बँकेनं घराची किंमत ठरवायला धाडलेल्याचा, अहवाल आला. नव्या बँकेतल्या वैजयंती मॅडमनी तो दोनदा वाचला. "नानाजी, कर्ज बाकी आहे बावीस लाख. घराची किंमत आली चौदा. पाया खचतोय असं लिहिलंय."

"मॅडम, थो माह्या बायकोनं खचवला!"

मॅडमचा चेहरा हलला नाही. "दुसरा माणूस पाठवता येईल, पण त्याची फी वेगळी. पहिली परत मिळत नाही. मी म्हणते, जुन्या बँकेत विचारलं होतं का? साध्या अर्जावरही कधी कधी व्याज कमी करून देतात."

नानाजींनी विचारलं नव्हतं. आणि एवढं ओरडून आल्यावर आता कोणत्या तोंडानं विचारणार? त्यांनी मुकाट्यानं दुसरी फी भरली.

या वेळी मात्र तयारी चोख. गोधडी निघाली, फ्रीज बैठकीत आला. बकेटा शेजारच्या भागिरथाबाईंकडे रवाना झाल्या. कस्तुराबाईंना लग्नातला शालू नेसायला लावून "आता रडाचं नाही, हसाचं," अशी सक्त ताकीद देण्यात आली. स्वतः नानाजींनी रजा टाकली.

गुरुवारी टेपवाला आला. नानाजींनी त्याला हाताला धरूनच आत नेलं. टाइल्स दाखवल्या, वरची खोली उघडली. "हे पन मोजा! भाड्यानं देल्ली त आरामात चार हजार येतीन." जिन्याखालची मोरी त्या बिचाऱ्यानं सोडून दिली होती, तीही हट्टानं लिहायला लावली. कस्तुराबाई सांगितल्याप्रमाणे हसत होत्या. राखीच्या मेसचं काम झालं एकदाचं, या समाधानात नानाजींनी न वाचताच त्याच्या कागदाखाली सही ठोकली.

"तुमच्यासारका इमानदार मानूस नाही पाह्यला," टेप गुंडाळत तो म्हणाला. "लोकं त आमाले पाहून फ्रीज झाकतेत."

"आमाले म्हंजे?"

"नगरपरिषदेवाल्याईले. घरपट्टीची नवी आकारनी चालू हाय ना. मांगच्या फरकासकट तुमचे एकोनीस हजार निघतीन."

नानाजींनी मनातल्या मनात दीड हजार गुणिले बारा केलं आणि हातानं चाचपत खुर्ची शोधली.

कस्तुराबाई अजून हसतच होत्या. थांबायला कोणी सांगितलं नव्हतं. तशाच हसऱ्या चेहऱ्यानं त्या नवऱ्याच्या कानाशी वाकल्या.

"अहो, बकेटा वापस आनू काय?"